डायल शेवटी बघा, आधी आतलं मशीन विचारा

गेल्या दोन महिन्यांत आमच्या मशीन शॉपमधल्या तीन पोरांनी मला एकच प्रश्न विचारला. "दादा, पंधरा हजारांत ऑटोमॅटिक घड्याळ कुठलं घेऊ?" ऑटोमॅटिक म्हणजे सेल नसलेलं, हाताच्या हालचालीवर चालणारं. दोघं सीएनसीवर, एक माझ्याबरोबर इन्स्पेक्शनला. तिघांनीही मोबाईलवर आधी डायलचे फोटो दाखवले. निळं डायल, हिरवं डायल, एकाचं मध्ये भोक ठेवून आतलं चाक दाखवणारं. मी विचारलं, आत मशीन कुठलं आहे? आणि उद्या बंद पडलं तर आपल्या बेळगावात ते उघडणार कोण? एकालाही सांगता आलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

माझे बाबा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, टर्नर होते. लेथ एचएमटीचा, एनएच २२ मॉडेलचा. मनगटावर घड्याळही एचएमटीचंच, जनता. १७ ज्वेलचं, म्हणजे आत झीज कमी करणारे १७ खडे असलेलं, चावीचं. रोज सकाळी आंघोळ झाली की खिडकीपाशी उभं राहून चावी द्यायचे, आणि त्या वेळी कुणाशी बोलायचे नाहीत. १९५३ साली बेंगळुरात मशीन टूल्ससाठी सुरू झालेल्या या कंपनीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीनं घड्याळं करायला घेतली, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी मला वाटायचं, लेथ करणाऱ्यांनी लेथवर उभं राहणाऱ्यांसाठी घड्याळ केलं असणार. बाबांच्या डायलवर 'जनता' हे नाव देवनागरीत आहे. बेंगळुरात कन्नड बोलणाऱ्या हातांनी जोडलेलं, देवनागरी नावाचं घड्याळ एका मराठी टर्नरनं आयुष्यभर बेळगावात वापरलं. आपल्या भागात पाटीवरच्या अक्षरांनी किती मनं दुखावली आहेत ते मला माहीत आहे, म्हणून मला हे घड्याळ जास्तच जवळचं वाटतं. २०१६ मध्ये घड्याळांचा विभाग बंद करायचा निर्णय आला, त्या दिवशी बाबा रात्री नीट जेवले नाहीत.

त्याच ओढीनं चार वर्षांपूर्वी मी चूक केली. चावी न देता चालणारं, पण सेल नसलेलं घड्याळ हवं होतं. ऑनलाइन एका जुन्या जपानी ब्रँडचं 'रिफर्बिश्ड', म्हणजे दुरुस्त करून नवं केलेलं, ऑटोमॅटिक २,८०० रुपयांना मागवलं. डायल केशरी, नव्यासारखं लखलखीत. तीन आठवड्यांत बंद. बाजारातल्या ज्या घड्याळजीमामांकडं बाबांचं घड्याळ जायचं, त्यांच्याकडं नेलं. मामांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुठनं आणलास रे हे? तीन घड्याळं मोडून एक केलंय की."

डायल पुन्हा रंगवलेलं होतं. भिंगातून बघितलं तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या दिसत होत्या. बाहेरची केस एका मॉडेलची, मशीन दुसऱ्याचं, मधल्या फटीत प्लॅस्टिकची रिंग. रोटर, म्हणजे आतलं फिरणारं वजन, झाकणाला घासून त्याचा चुरा गिअरमध्ये उतरलेला. ऑइल कधीचंच वाळलेलं. मी रोज व्हर्निअरनं बारीक मापं घेणारा माणूस, आणि रंगावर भुललो. ते पैसे गेले ते गेलेच. जुनं घड्याळ घ्यायचंच असेल तर ज्यानं ते वापरलं त्या माणसाच्या हातून घ्या. एकाच विक्रेत्याकडं एकाच मॉडेलची दहा रंगांतली 'जुनी' घड्याळं दिसली तर तिथून उठा.

आता आतलं. ऑटोमॅटिकमध्ये मशीनच्या पाठीमागं अर्धवर्तुळाकार वजनदार रोटर असतो. हात हलला की तो फिरतो आणि मेनस्प्रिंग, म्हणजे ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग, गुंडाळतो. ती स्प्रिंग हळूहळू सुटते, तिची ताकद गिअरमधून बॅलन्स व्हीलपर्यंत, म्हणजे एका लयीत मागंपुढं फिरणाऱ्या चाकापर्यंत, जाते, आणि बॅलन्स व्हील ती मोजून मापून सोडतं. या किमतीतली बरीचशी मशीन तासाला २१,६०० ठोके देतात. म्हणजे सेकंदाला सहा, दिवसाला ५ लाख १८ हजार ४००.

पोरं विचारतात, दिवसाला वीस सेकंद पुढं जातं म्हणजे खराबच ना? उद्यमबागेतल्या माणसाला मी त्याच्याच भाषेत सांगतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यात २० सेकंदांची चूक म्हणजे १०० मिलिमीटरच्या शाफ्टवर २३ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर). आता तूच सांग, हे काम तू रिजेक्ट करशील का? सेलचं पाचशे रुपयांचं घड्याळ याहून अचूक असतं, ते मी नाकारत नाही, कारण त्यातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पण नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर, मनगटावर दिवसभर आपटत असताना, उन्हात नि गारठ्यात २३ मायक्रॉन राखणं ही मला फार मोठी कारागिरी वाटते.

कंपन्या हा टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालेल ते, लिहूनच देतात. सिकोचं एनएच ३५ आणि सिटिझनच्या घरचं मियोटा ८२१५ ही दोन मशीन घ्या, दोघांनाही दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद. स्प्रिंग पूर्ण भरलेली असेल तर दोन्ही काढून ठेवल्यावर चाळीस तासांच्या आसपास चालतात, म्हणजे शनिवारी रात्री उतरवलेलं सोमवारी सकाळी चालू सापडतं. एनएच ३५ ला चावीही देता येते आणि चावी ओढल्यावर सेकंदकाटा थांबतो. सिकोच्या जुन्या ७एस२६ मशीनमध्ये यातलं काहीच नव्हतं, तरी ते वर्षानुवर्षं चाललं. मियोटाचा रोटर एकाच दिशेला भरतो, दुसऱ्या दिशेला मोकळा गरगरतो आणि तो आवाज ऐकू येतो. तो बिघाड नव्हे. आमच्या इन्स्पेक्शनच्या पोरानं त्या आवाजाला घाबरून एक चांगलं घड्याळ परत केलं, याची मला अजून हळहळ वाटते.

तर माझं मत असं. सिको, सिटिझन, ओरिएंट यांचं साधं रोजचं मॉडेल घ्या. दुसऱ्या कुणाचं घ्यायचं तर मशीनचा नंबर छापलेला असला पाहिजे. नुसतं 'ऑटोमॅटिक मूव्हमेंट' लिहिलंय आणि नंबर नाही, तर पुढं चला. ही मशीन लाखोंनी बनली आहेत, त्यांचे पार्ट मिळतात, आणि एचएमटीवर हात बसलेल्या घड्याळजीला ती उघडताना भीती वाटत नाही. पहिल्या घड्याळाला हे पुरेसं आहे. काच, पट्टा, रंग हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. शॉपमध्ये वापरणाऱ्यानं मात्र जमल्यास सफायरची काच बघावी, लोखंडाच्या बरनं, म्हणजे कापलेल्या कडेच्या धारेनं, तिला ओरखडा पडत नाही.

आपल्या भागासाठी दोन गोष्टी जपा. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकपाशी, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या चुंबकापाशी, घड्याळ घालून उभं राहू नका. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्स व्हीलच्या बारीक स्प्रिंगमध्ये, मॅग्नेट भरला की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटं पुढं पळायला लागतं. माझं एकदा पळालं होतं, मामांनी डीमॅग्नेटायझरवर क्षणात जागेवर आणलं. दुसरी गोष्ट पावसाची. जूनपासून बेळगाव-खानापूरचा पाऊस कसा लागतो ते सांगायला नको, आणि पाण्यासाठी ३० मीटर लिहिलेलं घड्याळ फक्त हात धुताना उडणाऱ्या पाण्यापुरतं असतं. काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी दुरुस्तीला द्या, आठ दिवसांनी दिलं तर आत गंज सापडतो. आणि रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका, त्या वेळी तारखेचे गिअर एकमेकांत गुंतलेले असतात.

मामा आता सत्तरीच्या पुढं आहेत. मुलगा मोबाईलच्या धंद्यात. त्यांच्या टेबलावर दिवसाला आठ-दहा घड्याळं येतात, त्यातली बहुतेक सेल बदलायला. उघडून, धुऊन, ऑइलिंग करून पुन्हा जोडायचं काम महिन्याला मोजकंच. चार-पाच वर्षांतून एकदा तुमचं ऑटोमॅटिक तिथं गेलं पाहिजे, ते घड्याळासाठीही हवं आणि मामांच्या हातासाठीही. मागच्या वेळी त्यांनी माझ्याकडून १,२०० रुपये घेतले आणि त्या कामाला त्यांचा अख्खा दिवस गेला होता. मी जास्त देत होतो, घेतले नाहीत.

येत्या शनिवारी संध्याकाळी बाबांचं जनता ऑइलिंगला द्यायला त्यांच्याकडं जाणार आहे. इन्स्पेक्शनचा पोरगा बरोबर येतोय. त्यानं तीन मॉडेलचे मशीन नंबर कागदावर लिहून आणलेत, मामांना विचारून मगच ऑर्डर टाकणार म्हणतोय. अजून कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, सहाला शॉप सुटलं की निघू.