बिल्सन यांनी वाजवला तो पियानो मोत्झार्टचा नव्हे

पियानोवादक माल्कम बिल्सन आणि वाद्यवृंद-संचालक जॉन एलिअट गार्डिनर यांनी १९८०च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेले मोत्झार्टचे पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना) खुद्द मोत्झार्टच्याच पियानोवर वाजवले आहेत, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. व्हिएन्नाच्या आंटोन वाल्टरने घडवलेला मोत्झार्टचा पियानो साल्झबर्गच्या संग्रहालयात आहे. बिल्सन यांच्यापुढे होती ती अमेरिकी कारागीर फिलिप बेल्ट यांनी तशाच बांधणीची केलेली प्रतिकृती.

म्हणून ध्वनिमुद्रण खोटं ठरत नाही. प्रतिकृतीतही तोच लाकडी सांगाडा, चामडं लावलेल्या चिमुकल्या हातोड्या, पायाऐवजी गुडघ्याने उचलायची पट्टी, जेमतेम पाच सप्तकं. आवाज घडतो तो यातून. खर्जातले सूरसुद्धा गढूळ न होता सुटे ऐकू येतात. आणि मूळ वाद्याचं म्हणाल, तर त्यातही पुढे फेरफार झाल्याचं अभ्यासक मानतात.