मनोऱ्यातला जिना आणि उजव्या हाताची तलवार

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. मध्ययुगीन इंग्रजी किल्ल्यातला 'कीप', म्हणजे मधला मोठा दगडी मनोरा, निव्वळ शेवटच्या लढाईसाठी बांधत. त्याचा गोल जिना चढताना उजवीकडे वळतो, कारण खालून येणाऱ्याचा तलवारीचा हात मधल्या खांबाला अडावा. किल्ल्यांवर माझा जीव आहे, म्हणून हे खोडून काढणं भाग आहे.

आधी जिना. डावीकडे वळणारे जिनेही तिथल्या किल्ल्यांत भरपूर आहेत. शिवाय शत्रू जिन्यावर आला म्हणजे तट, अंगण, दार सगळं गेलेलंच. इंग्लंडमधल्या रॉचेस्टरच्या किल्ल्याला 1215 साली इंग्लंडच्याच जॉन राजाने वेढा घातला, तेव्हा बाहेरचा तट पडला, मनोरा पडेना. जॉनने मग दक्षिणेच्या कोपऱ्याखाली भुयार खणवलं, लाकडी टेकू लावले आणि ते पेटवायला 40 लठ्ठ डुकरं मागवली, चरबीसाठी. कोपरा कोसळला. आतले लोक मनोऱ्याला मधोमध दुभागणाऱ्या भिंतीपलीकडे सरकून झुंजत राहिले. ते हरले भुकेपुढे, 30 नोव्हेंबरला. कोसळलेला कोपरा पुढे गोल बांधला, बाकीचे तीन अजून चौकोनी आहेत.

म्हणजे शेवटचा आसरा होताच की! होता, वेळ आली तेव्हा. माझा आक्षेप 'निव्वळ' या शब्दाला आहे. त्याच मधल्या भिंतीत विहिरीचा उभा नळा खालपासून वरपर्यंत गेलाय, आणि मजल्यामजल्यावर त्याला तोंड आहे, जागच्या जागी बादली ओढून घ्यायला. मुख्य दालनाच्या मजल्यावर तीच भिंत जाड गोल खांबांवरच्या कमानींची होते, कमानींवर नागमोडी नक्षी. चुली आहेत, भिंतींच्या जाडीत शौचकूप आहेत. 1127 नंतर हे उभारलं कँटरबरीच्या आर्चबिशपने, विल्यम द कॉर्बेलने. राहायचं, पंगती उठवायच्या, पाहुण्यांना दिपवायचं, ही रोजची कामं होती. आपल्या राजगडाच्या बालेकिल्ल्यावरही वाडा होताच ना?

दार उंचावर ठेवलं ते बचावासाठी, हे मान्य. पण तिथवर नेणारा जिना बाहेरून भिंतीला वळसा घालतो, आणि भेटीला आलेल्याला तो सगळा वळसा मान वर करूनच चढावा लागे.

'कीप' हा शब्दही नंतरचा. त्या काळी 'दाँजाँ' म्हणत, आणि त्याचं मूळ धनीपण, मालकी सांगणाऱ्या लॅटिन शब्दात आहे. एसेक्समधल्या हेडिंगहॅमचा मनोरा साधारण 1140 चा. बाहेरून त्याच्या सगळ्यात वरच्या ओळीच्या खिडक्या दिसतात, पण अभ्यासकांच्या मते त्यांच्यामागे मुळात खोलीच नव्हती, खाली दबलेलं छप्पर होतं. मनोरा आणखी एक मजला उंच दिसावा, एवढ्यासाठी त्या भिंती वर नेल्या.