ओल पाहिजे आहे

दापोलीच्या आमच्या घरी जून ते सप्टेंबर एकच उद्योग चाले, तो म्हणजे ओल हटवणे. बाबा मे महिन्यातच शाकारणी उरकत, आई शेगडीवर कपडे वाळवी आणि आम्ही पोरं पायरीवरचं शेवाळ खरवडत असू. चिलटं दिसली की केळी फडक्याखाली जात. पाल दिसली की झाडू बाहेर येई. ट्यूबलाइटच्या मागे खास पालींना भिववायला खोचलेलं मोरपीस होतं. त्याच मोरपिसाच्या आडोशाने पाली राहत.

अशा संस्कारांत वाढलेला मी सध्या नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून ओल, शेवाळ, चिलटं आणि पाली या चारही गोष्टींचं अंदाजपत्रक करतोय. चारही विकत घ्यायच्या आहेत. सगळ्यात महाग ओल पडतेय.

मुलीला खरं तर कुत्रा हवा होता. भाडेकरारात कुत्रा नाही, मांजर नाही. तिने करार माझ्यापेक्षा नीट वाचला आणि 'पालीबद्दल काहीच लिहिलेलं नाही' हे शोधून काढलं. मग कुठूनसं पॅलुडेरियमचं खूळ घरात शिरलं. काचेची पेटी, तिच्यात खाली पाणी, वर जमीन, झाडं, धबधबा, आणि या सगळ्यात राहायला मोर्निंग गेको नावाच्या चिमुकल्या पाली. शास्त्रीय नाव लेपिडोडॅक्टायलस लुगुब्रिस. शेपटी धरून नऊ-दहा सेंटिमीटर. मूळच्या हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या बेटांवरच्या, म्हणजे हवेत घाम असल्याशिवाय यांना करमत नाही. ओलावा ६० ते ८० टक्के, तापमान २२ ते २८ अंश. हे आकडे वाचताना मला दापोलीची माजघरातली खोली आठवली. ती फुकट होती.

इथल्या हिवाळ्यात हीटर चालू झाला की घरातली हवा पापडासारखी होते. बायको ओठांना तूप लावते, मी पालींसाठी धुकं करणारं यंत्र बघतो. 'माझ्यासाठी कधी यंत्र बघितलंस?' हा प्रश्न अर्थातच आला. तो अजून अनुत्तरित आहे.

बायको स्थापत्य अभियंता. गळतीविरोधी कामांत तिची हयात गेली आहे, त्यामुळे माझा आराखडा तिने लाल पेनाने तपासला. ६० बाय ४५ सेंटिमीटरची पेटी, तळाशी १२ सेंटिमीटर पाणी, म्हणजे ३२ लिटर. तेवढंच ३२ किलो. वर काच, दगड, माती, ओंडका. 'आणि हे तू त्या तकलादू टेबलावर ठेवणार?' टेबल रद्द झालं. मग धबधबा. मी कागदावर फार सुरेख धबधबा काढला होता. तिने विचारलं, पाणी मातीत चढलं तर? मला वाटलं, पाणी खालीच जातं. तर नाही. माती पाण्याला टेकली, की दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी वर ओढते आणि बघता बघता जमिनीचा चिखल होतो, झाडांची मुळं कुजतात. म्हणून खाली भाजलेल्या मातीच्या पोकळ गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, मग माती, आणि पाण्याच्या बाजूला सिलिकॉनने पक्का बंद केलेला बांध. थोडक्यात, ओल आणायची, पण गळतीविरोधी कामही करायचं. बायकोने एवढ्या उत्साहाने गेल्या कित्येक वर्षांत माझ्याशी बोलल्याचं आठवत नाही.

आई तेव्हाच तीन महिन्यांसाठी इकडे आली. मी फवारणीची बाटली घेऊन रिकाम्या पेटीच्या भिंतीवर पाणी मारतोय हे तिने पाहिलं आणि सुनेला हळूच विचारलं, 'याची नोकरी आहे ना गं?'

पाण्याचं तर तिला अजिबात पटेना. पेटीत पाणी भरलं, गाळणी चालू केली, पण आत जिवंत काही नाही, आणि मी अधूनमधून त्यात अमोनियाचे थेंब टाकून रंगीत नळ्यांत पाणी तपासतो. तिला समजावलं की पाण्यात कोळंबी सोडायची आहे, तिची घाण विषारी असते, ती पचवणारे जिवाणू आधी जमावे लागतात, त्याला महिना-दीड महिना लागतो. 'म्हणजे घाण आधी तू करायची, मग त्यांनी यायचं,' असा तिने गोषवारा काढला. यात खोडून काढण्यासारखं काही नव्हतं.

पाली मात्र तिला आवडू लागल्या. 'चुकचुकतात का?' हा पहिला प्रश्न. चुकचुकतात म्हटल्यावर चेहरा खुलला. अंगावर पडल्या तर काय, हे ती सोबत आणलेल्या पंचांगात पल्लीपतनाच्या कोष्टकात बघणार होती. आणि या जातीत नर जवळजवळ नसतातच, माद्या आपल्या आपण अंडी घालतात, हे ऐकल्यावर सासू-सुना एकमेकींकडे बघून ज्या हसल्या, ते मी मुद्दाम नोंदवत नाही. 'मग भांडणं होत नसतील,' आई म्हणाली. होतात. त्यांच्यातही थोरली-धाकटी असते, आणि थोरली बाकीच्यांना जेवणावरून हुसकावते. 'अगोबाई,' आई म्हणाली, आणि विषय तिथेच थांबला.

जेवण म्हणजे पाण्यात कालवलेली फळांची पावडर, आणि कॅल्शियमच्या भुकटीत घोळवलेली चिलटं. न उडणारी. ती बाटलीत मिळतात. जन्मभर केळ्यांवर फडकं टाकणाऱ्या बाईसमोर मी ती बाटली ओट्यावर ठेवली. 'पैसे देऊन?' एवढंच तिने विचारलं.

पाली घ्यायला जर्मनीत हॅमला जायचा बेत आहे. तिथे वर्षातून काही वेळा सरपटणाऱ्या प्राण्यांचा प्रचंड बाजार भरतो. पण बायकोच्या मनात शंकेची पाल आधीच चुकचुकली. चार माद्या, प्रत्येकीची महिना-दीड महिन्याने बहुधा दोन अंडी, तीही काचेला अशी चिकटवलेली की काढायला जावं तर फुटतात. गुणाकार मुलीने केला आणि उत्तर ऐकून सगळे गप्प झाले. पिल्लं इतकी बारीक की दाराच्या फटीतून सहज बाहेर. म्हणून फटींना पट्ट्या लावायच्या, आणि बायकोची अट अशी की पाली घरात यायच्या आधी पिल्लांची स्थळं ठरली पाहिजेत.

मग मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर, पुरणपोळीच्या ऑर्डरी आणि 'एक खोली भाड्याने देणे आहे' यांच्या मधोमध, मी संदेश टाकला: 'पालीची पिल्लं, विनामूल्य. पुढच्या वर्षी मिळतील. आत्ताच नोंदणी करावी.'

दोघांनी हसरे चेहरे टाकले. एकाने पाल घालवण्याचा फवारा कुठे मिळतो ते कळवलं. रात्री उशिरा एका काकूंनी गंभीरपणे विचारलं, शाकाहारी आहेत का?

मी उत्तर टाइप करत होतो, तेवढ्यात आई खांद्यावरून डोकावून म्हणाली, 'लिही, श्रावणात पावडरीवर राहतात.'