गालाला चिकटणारं यंत्र

काल पुण्याच्या बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात एका गृहस्थांच्या गालाला व्हॅक्यूमचा पाईप चिकटला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. गाल त्यांचा, पाईप दुकानदाराचा. मी फक्त "सीएफएम किती?", म्हणजे यंत्र मिनिटाला किती घनफूट हवा ओढतं, एवढंच विचारलं होतं.

आमच्या ड्राय बाल्कनीत माझं सुतारकाम चालतं. वरणात सागवानाचा भुसा निघाल्यावर घरातून निर्वाणीचा इशारा आला, म्हणून डस्ट एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे भुसा ओढून घेणारं यंत्र, बघायला गेलो होतो. गाडी लावायला जागा शोधण्यात निम्मा उत्साह संपला, तो विषय वेगळा.

शेठनी यंत्र सुरू करून माझा तळहात पाईपच्या तोंडावर दाबला. फप्प!

"बघा, काय ओढतंय!"

"शेठ, हात लावला की हवा वाहायचीच थांबते. हा नुसता दाब झाला. मिनिटाला किती घनफूट हवा ओढतं ते सांगा."

"साहेब, हात ओढतंय म्हणजे भुसा ओढणारच. हातापेक्षा भुसा हलका."

यावर काय बोलणार?

तेवढ्यात शेजारचे काका पुढे सरसावले. सरकारी हिशेबखात्यातून निवृत्त, हातात नमुन्याची एक गंजकी बिजागरी. "थांबा. यांचा हात घामट आहे, म्हणून चिकटला. माझी आज सकाळीच दाढी झालीय." आणि त्यांनी गाल पुढे केला. अर्धा गाल पाईपात गेला. उरलेल्या अर्ध्या तोंडाने ते म्हणाले, "ओहतंय, ओहतंय!" शेठ विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले.

गाल सुटल्यावर काकांनी चौकशी आरंभली.

"केवढ्याला हे?"

"चौदा हजार."

"आणि तुम्ही करता काय घरी?"

"स्टुलं वगैरे."

"वर्षाला किती?"

"दोन होतात."

काकांनी शेठचं बिलबुक ओढून मागच्या बाजूला चक्क भागाकार मांडला. "म्हणजे पहिल्या वर्षी दर स्टुलामागे भुसा ओढायचे सात हजार. लाकूड वेगळं. अहो, तयार मिळतं की स्टूल!" माल बांधणारा पोऱ्याही हसला. त्याचं हसणं मला जास्त लागलं.

आता खरं सांगतो. रंध्याच्या ढलप्यांना भरपूर हवा आणि चार इंची पाईप लागतो. सँडरने लाकूड घासताना उडणाऱ्या पिठाला बारीक पाईप, जोरदार दाब आणि बारीक गाळणी लागते. एकच यंत्र ही दोन्ही कामं क्वचितच धड करतं. खोक्यावरचा सीएफएमचा आकडा बहुधा पाईप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो. पन्हाळीदार लांब पाईप जोडला की त्यातली बरीच हवा गळपटते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पिशवी 30 मायक्रॉनची, म्हणजे त्याहून बारीक कण सोडून देणारी, असेल तर ढलप्या आत राहतात, आणि फुप्फुसात उतरणारी 10 मायक्रॉनच्या आतली धूळ खोलीभर फवारली जाते. चौदा हजार देऊन!

लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 साली पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोगकारक गोष्टींत, नोंदवली. तंबाखूही त्याच गटात. आमच्या सोसायटीत मात्र कुठल्यातरी फ्लॅटचं फर्निचर कायम चालू असतं. कामाची पोरं तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुगा दाबून केलेले बोर्ड, कापतात आणि मालक धूळ हॉलमध्ये येऊ नये म्हणून खोलीचं दार ओढून घेतात. पोरं आतच. त्या एमडीएफच्या वॉर्डरोबला सॉफ्ट क्लोज बिजागरी हवी म्हणून हेच मालक तासभर घासाघीस करतात. मायक्रॉन विचारणारा मीच तेवढा चक्रम.

"शेठ, पिशवी किती मायक्रॉनची?"

शेठनी पिशवी उलटसुलट करून दाखवली. "एक नंबर कापड आहे. धुवून वापरा."

मी काही न घेता निघालो. पायऱ्यांवर काकांनी गाठलं. गालावर गोल लाल वण तसाच होता.

"माझ्यासाठी एक स्टूल कराल का? देवघरापुढे बसायला. भुशाचे सात हजार मात्र मी देणार नाही."