‘१५ मिनिटांत २० टक्के पॉवर’ : त्या फॉरवर्डला मुद्द्यांनिशी उत्तर

मंगळवारी रात्री भाच्याने एक मेसेज पाठवला. खाली त्याची एकच ओळ होती: ‘मामा, बघ, तू उगाच घाबरवत होतास.’ हा मेसेज त्याआधी दोनदा माझ्याकडे येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा मी तो न बोलता पुसून टाकला होता. या वेळी गप्प बसवेना. भाच्याने तो नुसता वाचला नव्हता, आदल्या शनिवारी जाऊन आपल्या स्पोर्ट बाईकचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, फ्लॅशही करून (त्यातलं सॉफ्टवेअर बदलून) आणला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. कंपन्या स्पोर्ट बाईकची २० टक्के पॉवर ईसीयूत दाबून ठेवतात. लॅपटॉप जोडून १५ मिनिटांत फ्लॅश मारला की ती मोकळी होते. वर मायलेज वाढतं आणि इंजिन थंड राहतं. थ्रॉटल ‘वन टू वन’ होतो, म्हणजे मूठ जेवढी फिरेल तेवढीच हवेची झडप उघडते, त्यामुळे गाडी जास्त ताब्यात येते. ब्रेकच्या एबीएसला आणि मागचं चाक घसरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलला काही होत नाही, त्यांचं युनिट वेगळं असतं. रेव्ह लिमिट, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची मर्यादा, ५०० ने वाढवली तरी चालते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सर आणि धूर स्वच्छ करणारा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाका, कोणाचं नुकसान नाही. सर्व्हिस सेंटरचा अपडेट मात्र घेऊ नका, त्यात पॉवर कापतात. पुरावा म्हणून शेवटी डायनोचा, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख.

मी स्वतः डायनोवर गाड्या लावून मॅप (ईसीयूतले पेट्रोल, ठिणगी आणि थ्रॉटलचे तक्ते) बसवतो. रिमॅपला माझा विरोध नाही. चांगल्या मॅपने गाडी किती सुधारते ते मी रोज बघतो, आणि म्हणूनच हे असलं वाचलं की डोकं फिरतं.

आधी थ्रॉटल घेतो, कारण यात माणूस पडतो.

पूर्वी मुठीपासून निघालेली केबल थेट थ्रॉटलची चकती, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेच्या वाटेतली झडप, ओढायची. आता बहुतेक स्पोर्ट बाईकमध्ये केबलचा संबंध तिथपर्यंत उरलेला नाही. मूठ किती फिरली हे सेन्सर सांगतो आणि चकती किती उघडायची ते ईसीयू ठरवतो. २००६ च्या यामाहा आर६ वर ही पद्धत आली आणि मग सगळीकडे पसरली. मूठ आणि चकती यांच्यामध्ये एक तक्ता असतो: अमुक गिअर, अमुक आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या), मूठ इतकी, तर चकती इतकी. मेसेजवाले म्हणतात की हा तक्ता म्हणजे कंपनीची आडकाठी, तो सरळ करा. मूठ २० टक्के तर चकतीही २० टक्के.

ऐकायला बरोबर वाटतं, पण चकतीतून हवा अशी सरळ हिशोबात जात नाही. इंजिन कमी आरपीएमला फिरत असतं तेव्हा त्याची हवेची भूकच थोडी असते. चकती पाव-एक उघडली की त्या आरपीएमला घेता येईल तेवढी जवळजवळ सगळी हवा आत गेलेली असते. उरलेली पाऊण उघडली तरी फारसा फरक पडत नाही. म्हणजे सरळ केलेल्या तक्त्यात मुठीच्या फिरण्याच्या पहिल्या पाव भागात जवळपास सगळा टॉर्क (चाक फिरवणारा जोर) येऊन बसतो आणि पुढची मूठ रिकामी फिरते. कंपनीचा तक्ता वाकडा असतो तो नेमका यासाठी. मूठ जेवढी पिळाल तेवढा टॉर्क वाढावा, ही खरी ‘वन टू वन’. मेसेजने ती मोडायला सांगितलंय आणि तिला ताबा म्हटलंय.

रविवारी सकाळी भाच्याची गाडी मी स्वतः चालवली. पहिला गिअर, चालण्याच्या वेगाने एक गतिरोधक. पुढचं चाक वर चढलं, अंग थोडं मागे गेलं आणि मनगट नखभर फिरलं. गाडीने पुढे हिसका मारला. हिसक्याने अंग आणखी मागे, मनगट आणखी फिरलं, दुसरा हिसका. क्लच दाबला तेव्हा कुठे गाडी शांत झाली. हे कोरड्या, सरळ रस्त्यावर. भाच्याने त्याच आठवड्यात ओल्या वळणावरून बाहेर पडताना मागचं चाक सरकल्याचं सांगितलं, आणि वर ‘पिकअप वाढलाय ना’ असंही म्हणाला. पिकअप वाढलेला नाही रे. गाडी झुकलेली असताना टायरची पकड आधीच वळण्यात खर्च होत असते. तिथे राईडरला टॉर्क चमच्याने हवा असतो आणि हा मॅप तो वाटीने ओततो. चाक सरकलं, राईडरने घाबरून मूठ सोडली, टायरने एकदम पकड घेतली, की गाडी माणसाला वरून पलीकडे फेकते. हायसाईड म्हणतात तो हाच.

थ्रॉटलच्या तक्त्याने गाडीचा स्वभाव किती बदलतो, हे कंपन्यांनाही ठेच लागूनच कळलंय. २०१४ च्या यामाहा एफझी-०९ बद्दल चालवणाऱ्यांची तक्रार इंजिनाची नव्हती, मूठ उघडताना बसणाऱ्या झटक्याची होती. यामाहाने पुढे मॅपिंग बदललं. इंजिन तेच राहिलं आणि गाडी चालवायला निराळी लागली. मॅपचं खरं काम हे. चांगला ट्यूनर बहुतेक वेळ मुठीच्या सुरुवातीच्या त्या थोड्याशा भागावरच घालवतो. मूठ पूर्ण सोडल्यावर बंद होणारं इंधन पुन्हा कधी आणि किती हळू सुरू करायचं, हेच तासन्‌तास चालतं. १५ मिनिटांत होण्यासारखं ते काम नाही.

याला चिकटूनच ट्रॅक्शन कंट्रोल. एबीएसचं युनिट वेगळं असतं, इथवर मेसेज बरोबर आहे. पण ट्रॅक्शन कंट्रोलचं तसं नाही. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरतंय हे कळल्यावर टॉर्क किती कापायचा, हा हिशोब ईसीयू करतो. त्यासाठी आत्ता इंजिन किती टॉर्क देतंय हे त्याला माहीत असावं लागतं. ते तो मोजत नाही. आरपीएम आणि चकतीवरून तक्त्यात बघतो. वरचे तक्ते बदलले आणि हा टॉर्कचा तक्ता तसाच ठेवला, तर ईसीयू चुकीच्या आकड्यावरून कापणार: कधी कमी, कधी उशिरा. इंजिन ब्रेकिंगचंही तेच. मूठ पूर्ण सोडली तरी बऱ्याच गाड्यांत चकती किंचित उघडी ठेवलेली असते, वळणाआधी वेग कमी करताना मागचं चाक उड्या मारू नये म्हणून. तो आकडा कोणीतरी ‘साफ’ केला की गाडी वळणात शिरतानाच अंग टाकते.

आता २० टक्के.

हा आकडा हवेतून आलेला नाही. टर्बो लावलेल्या मोटारींचा तो आहे. तिथे ईसीयू टर्बोचा दाब वाढवू शकतो, म्हणजे जास्त हवा कोंबू शकतो, त्यामुळे नुसत्या सॉफ्टवेअरने तेवढी वाढ मिळते. बहुतेक स्पोर्ट बाईकला टर्बो नसतो. ९९९ सीसीचं इंजिन १३,००० आरपीएमला, सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरले असं धरलं, तर मिनिटाला सुमारे ६,५०० लिटर हवा ओढतं. २० टक्के जास्त पॉवरसाठी साधारण २० टक्के जास्त हवा जाळावी लागेल. ती येणार कुठून? लॅपटॉपने व्हॉल्व्ह मोठे होत नाहीत, कॅमशाफ्ट बदलत नाही. मॅपच्या हातात दोनच गोष्टी उरतात, पेट्रोल किती आणि ठिणगी कधी. पूर्ण थ्रॉटलला कंपनीने त्या आधीच बऱ्यापैकी जुळवलेल्या असतात. १३:१ च्या आसपास कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनात ठिणगी आणखी आधी टाकायला गेलात तर नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टनचा माथा खडबडीत होत जातो.

अर्धं खरं आहे ते मान्य करतो. कुलपं असतात. युरोपात ए२ या दुचाकी परवान्यासाठी ३५ किलोवॅटची मर्यादा आहे, आणि त्यासाठी दाबलेल्या गाड्या बऱ्याचदा सॉफ्टवेअरनेच दाबलेल्या असतात. आवाजाच्या नियमांमुळे काही आवृत्त्यांत वरच्या आरपीएमला चकती पूर्ण उघडू देत नाहीत. खालच्या गिअरमध्येही टॉर्क आवरलेला असतो. अशा गाडीला मॅप बदलून खरंच मोठा फरक पडतो. पण ‘प्रत्येक गाडीत २० टक्के’ हे खोटं आहे, आणि खालच्या गिअरचं कुलूप कशासाठी आहे ते वर लिहिलंय.

आणि तो आलेख! मेसेजबरोबरचं चित्र मी मोठं करून पाहिलं. आधी ९६ हॉर्सपॉवर, नंतर १०४. म्हणजे त्यांच्याच पुराव्यात वाढ ८ टक्के, २० नाही. आलेखाच्या कडेला बारीक अक्षरं होती. पहिल्या रेघेपुढे ‘एसएई’, दुसऱ्या रेघेपुढे ‘एसटीडी’. लोक नेमकं हेच बघत नाहीत. डायनोवर मिळालेला आकडा त्या दिवशीच्या हवेप्रमाणे दुरुस्त करून दाखवतात, म्हणजे गरम दिवस आणि थंड दिवस यांची तुलना करता येते. एसएई जे१३४९ हे मानक २५ अंश सेल्सिअस आणि ९९ किलोपास्कलची कोरडी हवा धरतं. जुनं एसटीडी साधारण १५.५ अंश आणि १०१.३ किलोपास्कल धरतं. हवा जास्त थंड आणि दाट धरली की आकडा वर जातो. तीच गाडी, तोच रन (डायनोवरची चाचणी), एक बोल्ट हलवला नाही, तरी एसएईवरून एसटीडीवर गेलं की सुमारे ४ टक्के वाढ. सॉफ्टवेअरमध्ये ही एका क्लिकची गोष्ट आहे. ९६ ला ४ टक्के लावा, जवळजवळ १०० होतात. म्हणजे ८ पैकी ४ हॉर्सपॉवर त्या क्लिकच्या. राहिलेल्या ४ मध्ये मॅप किती, नवा सायलेन्सर किती, इंजिन किती तापलेलं होतं, हे त्या चित्रावरून कोणालाही सांगता येणार नाही. यापुढे कोणी आलेख दाखवला तर आधी ती बारीक अक्षरं वाचा.

मायलेज आणि थंड इंजिन यांचं फार लिहीत नाही, दोन्ही एकत्र मागणंच चूक आहे. संथ चालवताना ओटू सेन्सरच्या मदतीने ईसीयू हवा आणि पेट्रोल १४.७:१ च्या आसपास राखतो. कमाल पॉवर त्याहून रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेल्या, मिश्रणात, साधारण १३:१ च्या जवळ मिळते. रिच केलं तर इंजिनाचा ताप थोडा उतरतो आणि मूठ मऊ लागते, पण पेट्रोल जास्त लागतं. लीन, म्हणजे पेट्रोल कमी, केलं तर पेट्रोल वाचतं, पण गाडी मुठीला अडखळते. एकाच जागी, एकाच वेळी दोन्ही होत नाही. पंखा लवकर सुरू व्हावा असं मॅपमध्ये लिहिता येतं आणि त्याने थांबलेल्या रहदारीत खरंच आराम पडतो. तेवढं खरं.

रेव्ह लिमिट. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १६,००० वरून १६,५०० म्हणजे वेग ३ टक्के जास्त, ताण ६ टक्क्यांहून जास्त. आणि हाती काय लागतं? २००६ च्या आर६ ची कमाल पॉवर १४,५०० ला होती, त्यानंतर ती उतरतच जाते. त्याच गाडीच्या काट्यावर १७,५०० ची रेडलाईन (काट्याचा लाल पट्टा सुरू होतो तो आकडा) जाहीर झाली होती. खरे आरपीएम त्याहून बरेच कमी निघाले आणि यामाहाला अमेरिकेत गाड्या परत विकत घ्यायची तयारी दाखवावी लागली. काट्यावरचा मोठा आकडा म्हणजे पॉवर नव्हे.

ओटू सेन्सर आणि कॅट काढण्याबद्दल ‘कोणाचं नुकसान नाही’ म्हणणाऱ्यांनी हार्ले-डेव्हिडसनचं प्रकरण वाचावं. स्पोर्ट बाईक नव्हेत त्या, पण गोष्ट ट्यूनिंगचीच. ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेबरोबरच्या तडजोडीत कंपनीने १ कोटी २० लाख डॉलर दंड मान्य केला, कारण २००८ पासून तिने सुमारे ३,४०,००० ‘सुपर ट्यूनर’ (इंजिनाचा मॅप बदलणारी उपकरणं) विकले होते आणि त्यांनी गाड्यांचा धूर मंजूर मर्यादेबाहेर जात होता. विक्री थांबवून दुकानांतला माल परत घ्यावा लागला, नष्ट करावा लागला. धूर मागच्या माणसाच्या नाकात जातो. आणि मूठ सोडल्यावर येणारा तो फटफट आवाज पोरांना आवडतो, पण ते तापलेल्या पाइपात जळणारं पेट्रोल असतं. कॅट शाबूत असेल तर तो त्यातच भाजून निघतो.

राहिला कंपनीचा अपडेट. एखाद्या अपडेटने गाडी मवाळ वाटू शकते, हे खरं आहे. पण थंड इंजिन बंद पडणं, कमी वेगाला अडखळणं, पंख्याचं तापमान यांची दुरुस्तीही त्याच वाटेने येते. काय बदललंय ते विचारा आणि मग ठरवा. सरसकट ‘घेऊ नका’ सांगणाऱ्याने तुमची गाडी पाहिलेलीसुद्धा नाही.

भाच्याच्या गाडीचं पुढे असं झालं. जिथे फ्लॅश मारला तिथे मी मूळ फाईल मागितली. ती त्यांनी वाचून ठेवलीच नव्हती. दुसऱ्याच गाडीची फाईल थेट वर चढवली होती. शेवटी सर्व्हिस सेंटरमध्ये कंपनीचं ताजं कॅलिब्रेशन टाकून घेतलं, म्हणजे मेसेजने घेऊ नका म्हटलेला तोच अपडेट. संध्याकाळी भाचा तोच गतिरोधक तीनदा ओलांडून आला. काही बोलला नाही, फक्त मूठ हातात धरून पुन्हा पुन्हा फिरवून बघत होता.

त्याला आता नवा मॅप हवाच आहे. देईन बसवून. दोन्ही रन एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, दोन्ही एसएईवर, आणि मूळ फाईल आधी त्याच्या हातात. खालच्या तीन गिअरचा थ्रॉटलचा तक्ता मात्र कंपनीचाच राहील.