तापीवरच्या पुलाचं ते ‘लंडनचं पत्र’

पावसाळा तोंडावर आला की भुसावळ, यावल, जळगावच्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतो : ‘भुसावळजवळच्या तापीवरच्या रेल्वेपुलाची शंभर वर्षांची मुदत संपली, बांधणाऱ्या इंग्रज कंपनीने लंडनहून तसं पत्र पाठवलंय.’

पत्र पाठवणार कोण, भाऊ? इकडे रूळ टाकले ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, १८६० च्या दशकात. ती कंपनी १९०० मध्येच सरकारने विकत घेतली, कारभार १९२५ मध्ये हाती घेतला आणि ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिची मध्य रेल्वे झाली. म्हणजे पत्र आलंच, तर ते मध्य रेल्वेने मध्य रेल्वेलाच धाडलेलं असणार! सावित्रीवरचा १९२८ चा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, तेव्हाही हेच पत्र महाडच्या नावाने फिरलं होतं.

पुलाला औषधाच्या बाटलीसारखी मुदत नसते. गर्डर, म्हणजे रूळ पेलणाऱ्या लोखंडी तुळया, थकले की बदलता येतात, दगडी खांबांच्या सांध्यांत मसाला पुन्हा भरता येतो. खरी भीती पायाची. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना बुडातली वाळू खरवडून नेतं, आणि ते वरून दिसत नाही. म्हणून पावसाळा सरला की रेल्वेचे अभियंते दरवर्षी प्रत्येक पूल तपासतात. खांबांवर धोक्याची पातळी रंगवलेली असते. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की लक्ष त्या पातळीवर ठेवायचं.

सांध्यात पिंपळ उगवलेला दिसला तर फोटो काढून रेल्वेला कळवा. ग्रुपवर नको.