अण्णांच्या ब्रुनोला नेमकं काय कळतं?

"त्याला सगळं कळतं हो, मुद्दाम करतो तो!" अण्णा तावातावाने सांगत होते. त्यांच्या ब्रुनोने, म्हणजे घरच्या लॅब्रॅडॉरने, सकाळी कधीतरी कोल्हापुरी चपलेचा अंगठा चावून टाकला. अण्णा दुपारी बँकेतून घरी आले तर ब्रुनो कान पाडून, नजर चुकवत सोफ्यामागे. "चोराच्या मनात चांदणं! मी अजून चप्पल बघितलीही नव्हती. मग दिलं बाल्कनीत कोंडून, संध्याकाळपर्यंत."

साताऱ्यात पोवई नाक्याच्या अलीकडे एका बंद टायपिंग क्लासच्या पायऱ्यांवर आमचा कट्टा भरतो. समोर मावशींची चहाची गाडी आणि गाडीखाली काळू. काळू कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा.

"अण्णा, त्याला काय डोंबल कळतंय!" मास्तर म्हणाले. मास्तर गणिताचे, निवृत्त. "कुत्र्याला सूर कळतो, शब्द नाही. हे बघा." ते वाकले आणि तान्ह्या बाळाशी बोलावं तशा लाडिक आवाजात काळूला म्हणाले, "कसला रे तू नालायक, कामचोर, फुकट्या..." काळूची शेपटी गरगर फिरायला लागली. मास्तर विजयी मुद्रेने आमच्याकडे वळले.

"आधी डाव्या हातातलं बिस्कीट खिशात टाका, मग प्रयोग करा," डॉक्टर म्हणाले. आमचे डॉक्टर गुरांचे. उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात गेली. मास्तरांनी बिस्कीट खिशात टाकलं, पुन्हा तेच शब्द, तोच सूर. काळूने त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तो खिशाकडे बघत बसला.

"हा प्रयोग बुडापेस्टच्या विद्यापीठात २०१६ साली रीतसर झालाय," डॉक्टर सांगू लागले. "१३ कुत्री. एमआरआयच्या यंत्रात जागेपणी, हालचाल न करता पडून राहायला शिकवलेली. त्यांना शिकवणाऱ्या बाईंचाच आवाज ऐकवला. कधी कौतुकाचा शब्द कौतुकाच्या सुरात, कधी तोच शब्द सपाट आवाजात, आणि कधी 'तरीपण'सारखा, कुत्र्याच्या लेखी काहीच अर्थ नसलेला शब्द लाडाच्या सुरात. मेंदूतला खूश होणारा भाग जागा झाला तो शब्द आणि सूर दोन्ही जुळले तेव्हाच."

"म्हणजे सूर लागतोच ना?"

"लागतो. पण नुसत्या सुरावर भागत नाही मास्तर. तुमचं अर्धंच बरोबर."

एवढ्यात बंटीने फोन काढला. कॉलेजातलं पोरगं, त्याला आकडे आवडतात. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्रीला १०२२ खेळण्यांची नावं येत होती. जॉन पिली या मानसशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकांनी तीन वर्षं तिला शिकवलं आणि २०११ मध्ये ते शोधनिबंधात मांडलं. मास्तर लगेच म्हणाले, "ही घोकंपट्टी झाली. पाढे पाठ असले म्हणून गणित येतं असं नाही." हा मुद्दा मला खरंच दमदार वाटला. पण डॉक्टरांकडे त्याचंही उत्तर होतं. जर्मनीत रिको नावाचा असाच एक बॉर्डर कोली होता, त्याला दोनशेच्या आसपास वस्तू नावाने ओळखता यायच्या. ओळखीच्या खेळण्यांत एक अगदी नवं खेळणं ठेवलं आणि त्याने कधी न ऐकलेलं नाव उच्चारलं. बाकी सगळ्यांची नावं मला माहीत आहेत, तेव्हा हे नवं नाव त्या नव्या वस्तूचंच असणार, असं धरून चालल्यासारखा रिको ते नवं खेळणं घेऊन आला. दहापैकी सात वेळा. २००४ ची गोष्ट. याला घोकंपट्टी म्हणता येत नाही. मास्तर थोडा वेळ गप्प बसले.

"आमचा ब्रुनो पण..." अण्णांनी सुरुवात केली.

"ब्रुनो बॉर्डर कोली नाही आणि तुम्ही पिली नाही," डॉक्टर म्हणाले. "घरच्या साध्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. कॅनडात १६५ कुत्र्यांच्या मालकांना विचारलं, तुमच्या कुत्र्याला किती शब्द कळतात. सरासरी ८९ आली. तेही मालकांनीच सांगितलेलं, आणि त्यात आज्ञाच जास्त."

मावशींना हे आकडे पटले नाहीत. "आवं, शब्द कशाला मोजताय? म्या नुसतं बोट दावलं तरी काळ्याला कळतंय बगा." त्यांनी बोट केलं. पलीकडच्या स्कूटीच्या चाकाखाली खारीचा तुकडा पडला होता. काळू उठला, मावशींच्या हाताकडे एकदा बघितलं आणि थेट स्कूटीपाशी गेला. यावर डॉक्टर कधी नव्हे ते खुलले. कारण रस्त्यावरच्या कुत्र्यांचा हा अभ्यास आपल्याच देशातला आहे. आयसर कोलकाता या विज्ञानसंस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६० मोकाट कुत्र्यांपुढे झाकलेली दोन भांडी ठेवली आणि अनोळखी माणसाने त्यातल्या एकाकडे हात केला. जवळपास निम्मी कुत्री भीतीने पुढे आलीच नाहीत. जी आली, त्यातली ८० टक्क्यांच्या आसपास दाखवलेल्याच भांड्याकडे गेली. कुणी शिकवलेलं नाही, कुणी पाळलेलं नाही. मला यातली ती न आलेली निम्मी जास्त आठवतात. हात वर झाला की दगड येणार, हे त्यांना कुणी ना कुणी शिकवलंच असणार.

पण माझ्या डोक्यातून ती बाल्कनी जाईना. मी म्हटलं, "अण्णा, तुम्ही चप्पल बघायच्या आधीच तो सोफ्यामागे गेला, हेच मला खटकतंय. त्याला चूक कळली असती तर तो दुपारपर्यंत मजेत चावत बसला असता का?"

डॉक्टरांनी दुजोरा दिला. चावलेले तुकडे जमिनीवर आणि अण्णा दारात, एवढं जुळलं की पुढे ओरडा बसतो, हे ब्रुनोने अनुभवाने हेरलंय. पाडलेले कान, पोटाशी घेतलेली शेपटी, ओठांवरून फिरणारी जीभ, अवेळी जांभई, हे सगळं 'रागावू नका' म्हणणं आहे. अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हेच तपासलं. १४ कुत्री. समोरचं बिस्कीट 'खाऊ नको' असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा, आणि परत आल्यावर त्याला कुत्र्याने खाल्लं की नाही ते सांगायचे, कधी खरं, कधी खोटं. अपराधी चेहरा दिसला तो मालक ओरडला की. कुत्र्याने खाल्लंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नव्हता. उलट ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी बसली, त्यांचे चेहरे सगळ्यात जास्त अपराधी.

कुत्र्याला काहीच कळत नाही म्हणणाऱ्यापेक्षा 'सगळं कळतं' म्हणणाऱ्याच्या घरी कुत्र्याचे जास्त हाल होतात, हे माझं ठाम मत आहे. एकदा कळतं म्हटलं की आगळीक मुद्दाम ठरते आणि मुद्दाम ठरली की शिक्षा न्याय्य वाटते. ब्रुनोच्या लेखी त्या दुपारी फक्त एवढंच झालं: अण्णा घरी आले आणि आपल्याला कोंडलं. उन्हाच्या बाल्कनीत पाच तास तो चपलेचा विचार करत बसला नसेल.

अण्णा चिडले. "मग काय बोलूच नको त्याच्याशी?"

"भरपूर बोला हो!" मी म्हटलं. "मावशी दिवसभर काळूशी बोलतात, सुनेच्या तक्रारीसुद्धा सांगतात. त्याने काही बिघडत नाही. फक्त झाल्या गोष्टीचा जाब विचारू नका. चप्पल तोंडात असताना सांगा, नाहीतर चपला कपाटात ठेवा."

डॉक्टरांनी मग वेगळंच विचारलं. "ब्रुनो सोफ्यावर चढला की घरात काय काय म्हणतात?" अण्णा बोटं मोजायला लागले. ते स्वतः 'डाऊन' म्हणतात, वहिनी 'उतर', नातू 'गेट ऑफ', आणि आई तर अजून 'हाड्' म्हणतात. आणि त्यातही नातू चोरून मांडीवर घेतो.

"आता सांगा, त्या बिचाऱ्याने काय समजायचं?"

एकच शब्द ठरवायचा असं ठरलं. मास्तरांनी 'उतर' सुचवला, बंटीला 'डाऊन' हवा होता, कारण पुढे प्रशिक्षकाकडे तोच लागेल. अण्णांचं म्हणणं, शब्द कुठलाही ठरवा, आईंना तो पटवून द्यायला डॉक्टरांनी रविवारी घरी यायचं. डॉक्टर यायला तयार आहेत, बाल्कनीच्या दाराची कडी त्यांच्यासमोर काढली तर. अण्णांनी त्यावर अजून उत्तर दिलेलं नाही.